सरळ रेषेत पावणेचार तास

कोणी फोनवर बोट सरकवत "थांब हां, बघून सांगतो" म्हणालं की आजही मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. एका पानापायी झालं हे. पान म्हणजे पुस्तकातलं नव्हे, फोनमधलं. त्यावर दोन रिकाम्या चौकटी असतात. एकीत इकडचा विमानतळ घालायचा, दुसरीत तिकडचा, की खाली ताबडतोब उत्तर हजर: अंतर इतके किलोमीटर, विमानाला वेळ इतका. मध्येच बुटांची जाहिरात, तिच्याखाली पोट कमी करायच्या चहाची, आणि कोपऱ्यात एक बाई काही कारण नसताना दात काढून हसत असते. त्या बाईचं तोंड मला अजून आठवतं. शी!

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. नकाशावर पट्टी ठेवून दोन गावांमधलं अंतर कसं काढायचं ते मी गावातल्या निम्म्या पोरांना शिकवलं असेल. पण पट्टी उचलली की मी हेही विचारायचे, बाबांनो, मध्ये खाडी आहे, पूल कुठाय? एकदा एक पोरगा उठून म्हणाला होता, "बाई, माझ्या बापाशीची होडी आसा." मी त्याला पूर्ण गुण दिले. अंतर काढणं सोपं असतं, जायचं कशातून ते सांगायला अक्कल लागते.

आमच्या ह्यांना असले प्रश्न पडत नाहीत. हे सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, मुलीने हौसेने फोन घेऊन दिला, आणि घरात एक सर्वज्ञ अवतरला. भरती कधी, ओहोटी कधी, मालवणात सुरमई काय भावाने गेली, तारकर्लीला किती गाड्या अडकल्यात, सगळं ह्यांच्या तळहातावर. सकाळी घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसायचे आणि वाटेने जाणाऱ्याला हाका मारून मारून सांगायचे. लोकही मेले थांबून ऐकायचे. मी आतून भांडी आपटायचे, पण भांड्यांच्या आवाजाने कोण गप्प बसलंय?

आमची एकुलती एक मुलगी. लग्नानंतर वर्षभर पुण्यात होती, मग जावयाची बदली आसामात झाली, दिब्रुगडला, चहाच्या कारखान्यात. दोघं सगळा संसार बांधून रेल्वेनेच गेली. तिथे गेल्यावर दोनेक महिन्यांत तिने फोन केला, दिवस गेलेत म्हणून. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी धस्स झालं. ही मुलगी लहानपणापासून सुईला घाबरणारी. शाळेत टोचायला आले की माझ्या पदरात तोंड खुपसून बसायची आणि मी हात धरला की डोळे मिटून टोचून घ्यायची. तिकडच्या डॉक्टरने तिला सांगितलं होतं, वेळ आली तर ऑपरेशन करावं लागेल. तेव्हापासून तिचं एकच पालुपद. "आई, तू असशील ना? तू हात धरलास तर मी काहीही करून घेईन." मी म्हटलं, असेन. वचन दिलं मी तिला.

माझा बेत होता महिनाभर आधी जायचा. मिळेल त्या गाडीने, बसून, उभ्याने, कशीही. बाळासाठी वाकळ शिवली होती, जुन्या मऊ लुगड्यांची. अळिवाचे लाडू वळायचे होते. बॅग भरायला काढली तर हे फोन घेऊन समोर उभे.

"ह्यां बघ. हयसून थंय अडीच हजार किलोमीटर. विमानाक पावणेचार तास. सकाळी पेज खावन निघालंस तर दुपारच्या जेवणाक चेडवाकडे."

"अवो, पण थंय विमान जाता काय?"

"जाता म्हणान तर टायम दिलोहा! न जाणाऱ्या विमानाचो टायम कोण कशाक लिहीत?"

मलाही वाटलं, खरंच, न जाणाऱ्या विमानाची वेळ कोण कशाला छापील? आमच्या एस.टी. स्टँडवरच्या फळ्यावर गाडी उशिरा येते, कधी येतही नाही, पण निदान ती गाडी जगात कुठेतरी असते. कातळाच्या सड्यावर विमानतळ झाल्यापासून तर रोज नवीन बातमी, आज अमक्या गावाला विमान सुरू, उद्या तमक्या. चौकाचौकात फलक, त्यावर हात जोडलेली माणसं आणि त्यांच्या डोक्यावर ढगात विमान. त्या फलकांचाही मला आता तिटकारा आलाय, पण तेव्हा मी ते वाचून मान डोलवली होती.

आणि त्यातच आली गावपळण.

आमचा गाव आचऱ्याच्या बाजूचा. दर काही वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळा गाव वेशीबाहेर पडतो. तीन दिवस नि तीन रात्री गावात माणूस राहत नाही, गुरं राहत नाहीत, कोंबडीसुद्धा नाही. मोहल्ल्यातली माणसंही निघतात, त्यांच्या शेरड्यांसकट. खाडीपलीकडे माडाच्या चुडताच्या झोपड्या बांधायच्या, मासे धरायचे, तिथेच रांधायचं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा आणि देवाने होय म्हटलं तर परतायचं. एरवी मला गावपळण फार आवडते. बायकांना तेवढेच तीन दिवस घर झाडावं लागत नाही.

पण आमचं घर मानकऱ्यांचं. आमच्यात अशी रीत की निघताना देवघरातला दिवा घरच्या थोरल्या सुनेनेच शांत करायचा आणि परतल्यावर तिनेच लावायचा. थोरली सून म्हणजे मी. जाऊबाई म्हणाल्या, ह्या खेपेला मी करते, तुम्ही जा मुलीकडे. तर ह्यांनी डोळे वटारले. "रीत मोडूची नाय. दिवस भरूक अजून वेळ आसा. पळण झाली की दुसऱ्या दिवशी जा. पावणेचार तास तर आसत!" मी भांडले. चांगली कडाडून भांडले. तर ह्यांनी मुलीलाच फोन लावला आणि तिच्या कानात तेच पावणेचार तास ओतले. ती बिचारी मला म्हणते कशी, "आई, थेट विमान आहे ना आता, मग गावपळण करूनच ये. बाबांचं मन मोडू नको."

ह्यांनी देवालाही विचारलं होतं. कौल लावतात म्हणजे देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लेकीची सुटका बरी होऊ दे, असं गाऱ्हाणं घातलं आणि उजवी पडली. ह्यांचे डोळे भरून आले होते, ते खोटं नाही. पण देवाने वेळ सांगितली नव्हती. वेळ फोनने सांगितली. देवाकडे निदान डावी पाकळी तरी आहे, कधीकधी तर कुठलीच पडत नाही, तासन्‌तास सगळे मानकरी ताटकळतात, आणि तेही उत्तरच समजतात. त्या पानाला डावं म्हणून ठाऊकच नाही. दोन नावं घाला, आकडा तयार. दोन उकिरड्यांची नावं घातली असती तरी त्याने मधलं अंतर आणि विमानाचा वेळ सांगितला असता, आणि वर ती बाई हसली असती.

गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीवर पेज ठेवली होती. खाडीकाठी फोनला रेंज नाही, फक्त एका बांधावर उभं राहिलं तर मिळते, म्हणून हे सकाळपासून बांधावर. तिथूनच ओरडत आले. जावयाचा फोन होता. मुलीचं पाणी गेलं होतं. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते आणि पाणी गेलं होतं.

मी पळी टाकली आणि उठले. बॅग आणायला म्हणून वेशीकडे वळले तर हे आडवे.

"खंय चल्लंस?"

"बॅग घरात आसा माजी. वाकळ आसा बाळाची."

"वेशीच्या आत पाय टाकूचो नाय."

"अवो, चेडू थंय अडलाहा!"

"म्हणानच सांगतंय. अशा टायमाक देवाचा मोडूचा नाय."

सगळे मानकरी भोवती उभे, कोणी पाण्याकडे बघतंय, कोणी स्वतःच्या पायांकडे. मला त्या क्षणी सगळ्यांची इतकी शिसारी आली की मी थुंकले, खरंच थुंकले बाजूला वाळूत. पण तसंही त्या वादात वेळ घालवणं परवडणारं नव्हतं. कमरेला पिशवी होती, तिच्यात आधार कार्ड होतं, प्रवासासाठी साठवलेले पैसे होते. तेवढ्यावर निघाले. धुराने माखलेलं लुगडं, हाताला माशांचा वास, पायात रबरी चपला. मोहल्ल्यातला एक टॅक्सीवाला माझा जुना विद्यार्थी, तोही पळणीतच होता. तो म्हणाला, "बाई, बसा." आणि गाडी काढली.

तिकिटाचं मी विचारलं होतं, नाही असं नाही. हे म्हणाले, "फोनार दाखवणा नाय, पण थंय खिडकेर गावतला." एस.टी.च्या खिडकीवर जसं मिळतं तसं. टॅक्सीवाल्यालाही पावणेचार तास सांगितले तर तो म्हणतो, "बरां झालां बाई, सांजच्याक नातवंडाचा तोंड बघतल्यास." म्हणजे बघा, कोणालाच शंका नाही. सगळा गाव त्या आकड्यावर निर्धास्त.

सड्यावरचा विमानतळ बाहेरून छान आहे, काचेचा. आत गेले तर कसला तरी गोडमिट्ट वास मारलेला, जसा काही कोणी मोगऱ्याच्या फुलांवर साखरेचा पाक ओतलाय. त्या वासात माझ्या लुगड्याचा धूर आणि मासे मिसळले आणि शेजारची बाई नाकाला रुमाल लावून दोन खुर्च्या सरकली. तिचा राग नाही आला, मलाच माझा वास सहन होत नव्हता. समोर टीव्हीवर निळं पाणी, पांढरी वाळू आणि आमच्याच जिल्ह्याला स्वर्ग म्हणणारा एक आवाज, परत परत तेच. स्वर्ग! दहा-बारा कोसांवर माझं घर कुलूपबंद आणि मला तिथून बाळाची एक वाकळ आणायची मुभा नाही.

तिकिटाच्या खिडकीतली मुलगी शहाणी होती. तिने दोनदा गावाचं नाव विचारलं. दिब्रुगड म्हटल्यावर तिने संगणकात काही शोधलंसुद्धा नाही.

"मॅडम, इथून दिब्रुगडला विमान नाही."

"उद्या?"

"उद्याही नाही. कधीच नव्हतं."

मी म्हटलं, "अहो, पावणेचार तास लागतात म्हणून लिहिलंय." मला माझ्याच तोंडून तो आकडा ऐकून लाज वाटली. ती हसली नाही, ह्याबद्दल मी तिची ऋणी आहे. म्हणाली, "तो नुसता हिशोब असतो, मॅडम. दोन विमानतळांमध्ये सरळ रेघ मारायची. विमान असतं तर इतका वेळ लागला असता, एवढाच त्याचा अर्थ."

विमान असतं तर! आत्याबाईला मिशा असत्या तर!

ती म्हणाली, मुंबईला जा, तिथून कलकत्ता, तिथून दिब्रुगड. पण मुंबईचं त्या दिवशीचं एकमेव विमान रद्द झालं होतं. कारण? "कामकाजाच्या कारणास्तव." म्हणजे काय ते तिलाही कोणी सांगितलं नव्हतं, बिचारी तेवढंच वाक्य सगळ्यांना वाटत होती. एक इसम तिच्यावर ओरडत होता, त्याच्या तोंडातून वडापावचे कण उडत होते तिच्या टेबलावर. तिने कागदाने ते पुसले आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं.

मी लेकीला फोन लावला. उचलला नाही. जावयाला लावला, लागेना. मग ह्यांना लावला. सुदैवाने, का दुर्दैवाने, बांधावरच होते.

"थेट विमान बिमान काय नाय," मी म्हटलं. "कधीच नव्हता. आता गोव्याक जातंय, थंयसून कलकत्ता. उद्या दुपारपर्यंत पोचन. चेडवाक सांगा. आत्ताच्या आत्ता सांगा. माजी वाट बघू नको म्हणान सांगा, डॉक्टर काय सांगतीत तां कर म्हणान सांगा."

हे म्हणाले, "सांगतंय, सांगतंय. तू जा."

दोनदा सांगतंय म्हणाले, मला आठवतंय.

त्या गोड वासातून बाहेर पडले, टॅक्सीवाला थांबलाच होता, त्याच गाडीने आम्ही गोव्याला गेलो. गोव्यातून कलकत्त्याचं तिकीट मिळालं. मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले, आणि लोक सांगतात तसं काही ढग-बिग मी पाहिले नाहीत. माझ्यापुढच्या खुर्चीच्या पाठीला कोणीतरी चघळून चिकटवलेला च्युइंगगमचा गोळा होता, तोच बघत बसले. पलीकडचा एक तरुण फोनवर आधीच भरून आणलेले नाचाचे व्हिडिओ बघत होता, सगळे तेच गाणं. हवाई सुंदरीने मला पाणी दिलं आणि माझ्या हाताला लागू नये म्हणून ग्लास दोन बोटांनी धरला. मी तिला सांगणार होते, बाई गं, मी रोज अंघोळ करते, आज गावपळण आहे. पण कोणत्या भाषेत सांगणार?

कलकत्त्याला पुढचं विमान सकाळचं. तिथल्या खुर्च्यांवर लोक बूट काढून, तोंड उघडं टाकून झोपले होते, आणि मोज्यांचा वास सगळीकडे. मुलीचा फोन बंद. जावयाचा लागला एकदा, "हॅलो, आई" इतकंच ऐकू आलं आणि तुटला. ह्यांना लावला तर बांधावर नव्हते. मी स्वतःला समजावत होते, ह्यांनी निरोप दिला असेल, ऑपरेशन झालं असेल, बाळ झालं असेल, माझा हात नसला म्हणून काय बिघडलं? डॉक्टर आहेत, नवरा आहे. पोचल्यावर धरीन हात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. दवाखान्याच्या फाटकावर जावई उभा. दोन दिवसांची दाढी, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. त्याने वाकून नमस्कार केला.

"मुलगी झाली," तो म्हणाला. "काचेच्या पेटीत ठेवलंय."

"का?"

मी हात धरून त्याला बाकावर बसवला, मग बोलला. पुण्याचा मुलगा, कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. काल सकाळी डॉक्टरीण म्हणाली होती, बाळाचे ठोके कमी होतायत, आत्ताच ऑपरेशन करू. आमची मुलगी म्हणाली, थांबा. बाबांनी कळवलंय, माझी आई विमानात बसलीय. दुपारी पोचेल. ती आली की करा. डॉक्टरीण रागावली, समजावलं, ती ऐकेना. दुपार झाली. जावयाने ह्यांना पुन्हा फोन केला. हे म्हणाले, बसली, बसली, येतच असेल. डॉक्टरीण परत आली, आता आणखी थांबलात तर मी जबाबदार नाही म्हणाली. मुलगी दाराकडे बघत पडून होती. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा ठोके इतके घसरले की तिला न विचारताच आत नेलं. बाळ रडलं नाही. बऱ्याच वेळाने रडलं.

"बाबांनी का असं सांगितलं, आई?" जावई म्हणाला. त्याला खरंच समजत नव्हतं.

मला समजत होतं. हेच तर किळसवाणं आहे, की मला लगेच समजलं. पोरीला घोर नको म्हणून. आई उद्या येणार म्हटलं तर ती घाबरेल म्हणून. आणि खरं सांगायचं तर आकडा चुकला हे लेकीला सांगायचं जिवावर आलं म्हणून. दोन गोड शब्द बोलले, फोन खिशात टाकला आणि मासे भाजायला गेले असतील. मी तिथेच बाकाच्या बाजूला जाऊन ओकले. पोटात काही नव्हतंच, कडू पाणी पडलं.

तोंड धुऊन आत गेले. मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी डोक्यावर हात ठेवला.

"इलंस?" म्हणाली.

"इलंय गो बाय."

"धुराचो वास येता तुजो." इतकंच. मी तिचा हात हातात घेतला. तिने काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. नुसता ठेवला. एवढ्या वर्षांत तिचा हात माझ्या हातात असा मेल्यासारखा पडलेला मी पाहिला नव्हता.

बाळ पेटीत. नळ्या लावलेल्या, कपाळावर काहीतरी चिकटवलेलं. मुठी मिटलेल्या. डॉक्टरणीने इंग्रजीत सांगितलं, वाचेल. पुढचं वाढ होत जाईल तसं कळेल, चालणं, बोलणं, आत्ता काही सांगता येणार नाही. ती डॉक्टरीण मला आवडली. तिने कुठलाही आकडा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने बाळाला पहिल्यांदा पेटीतून काढून थोडं दूध पाजलं. आईचंच दूध, चमच्याने, थेंब थेंब. मुलगी खुर्चीवर बसून बघत होती. तेवढ्यात तिच्या फोनवर ह्यांचा व्हिडिओ कॉल आला. कौल उजवा झाला होता, गाव परतला होता. मागे नगारा वाजत होता, ह्यांच्या खांद्यावरून माणसांची डोकी आत घुसत होती, जाऊबाई, मानकरी, शेजारपाजार, सगळे एकदम ओरडत. ह्यांना पेटीचं काही माहीत नव्हतं. जावयाने मुलगी झाली एवढंच कळवलं होतं, बाकी सांगायला माझी जीभ उचलली नव्हती. आणि तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर त्यातून शिव्यांखेरीज काही निघालं नसतं.

"दाखय गो, दाखय! आमका चेडवाक दाखय!" हे ओरडत होते. कपाळाला गुलाल लागलेला. आनंदाने चेहरा फुटायला आलेला. "आवशीक विचार, कसा काय विमान? बरां व्हता मा?"

मी फोन ओढून घ्यायला हात पुढे केला. मुलीने माझा हात बाजूला केला आणि फोन तोंडासमोर धरला. ती पुण्याला गेल्यापासून ह्यांच्याशी शहरी मराठीत बोलायची, ह्यांना तो अभिमान होता. त्या दिवशी ती मालवणीत बोलली.

"बाबा, आई काल दुपारी पोचली."

"व्हय गो, गोव्यासून गेली मा ती."

"काल. मी परवा दिवसभर डॉक्टरणीक 'थांबा' म्हणत होतंय. तुमी सांगल्यात आवस विमानात बसली. माज्या चेडवाचे ठोके बंद पडत होते नि मी 'थांबा' म्हणत होतंय."

मागचा एकेक आवाज गप्प होत गेला. नगारा तेवढा वाजत राहिला, त्या वाजवणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं.

"तुका घोर लागात म्हणान मी…" हे म्हणाले.

"परत माका कधी कसलो टायम सांगू नकात," ती म्हणाली. ओरडली नाही. "म्हायत नसात तर म्हायत नाय म्हणान सांगा. मी तेच्यार काय तां करीन."

ह्यांचा हात खाली गेला असावा. फोनच्या चौकटीत आमच्या खळ्यातली लाल माती दिसायला लागली, कोणाची तरी अनवाणी पावलं आणि कुलूप न काढलेल्या दाराचा उंबरठा. मला वाटलं फोन चालूच राहिला, हे निघून गेले. पण मग ह्यांचा आवाज आला, फार लांबून आल्यासारखा.

"चेडू दूध पिता मा?"

मुलीने बाळाकडे बघितलं. नर्सच्या चमच्यातला थेंब बाळाच्या ओठावरून ओघळून मानेवर आला होता. नर्सने तो पुसला आणि पुन्हा चमचा लावला.

"म्हायत नाय, बाबा," ती म्हणाली, आणि फोन बंद केला.